पाच तासांची टाकी

एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा चार तासांत भरतो. दोन्ही नळ एकदम सोडले, तर टाकी किती वेळात भरेल? शाळेत फळ्यासमोर उभे राहून या प्रश्नाचे उत्तर मी 'पाच तास' असे दिले होते. सहा आणि चार दहा, दहाचे निम्मे पाच, असा माझा सरळ हिशेब होता. शिक्षक क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे दुसरा नळ सोडल्यावर टाकी भरायला उलट जास्त वेळ लागतो तर!" सगळा वर्ग हसला. मी मान खाली घालून जागेवर जाऊन बसले, आणि त्या दिवसानंतर गणिताच्या तासाला आपणहून हात वर केल्याचे मला आठवत नाही.

पुढची अनेक वर्षे 'माझे गणित कच्चे आहे' हे वाक्य मी नावापुढे आडनाव सांगावे इतक्या सहजपणे सांगत आले. त्यात लाज कमी आणि सोय जास्त होती, हे आज कबूल करायला हरकत नाही. हिशेबाचे काम निघाले की ते दुसऱ्याकडे सरकवता येई, आणि कुणी कारणही विचारत नसे. मात्र नोकरीत आकडेवारीचे अहवाल वाचणे वाढत गेले. आपण ज्या निष्कर्षांवर सही करतो ते कुठून आले हेच आपल्याला कळत नाही, ही बोच काही केल्या जाईना, तेव्हा वयाच्या ४२व्या वर्षी मी संख्याशास्त्राच्या एका अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा द्यायचे ठरवले. परीक्षेला आठ महिने होते. अभ्यासात बीजगणित, थोडे कलनशास्त्र आणि संभाव्यता असे विषय होते. माझी तयारी म्हणाल तर पाढे पाठ होते आणि अपूर्णांकांच्या बेरजेत छेद समान करायचे असतात, एवढे आठवत होते.

पहिले दोन आठवडे मी जो अभ्यास केला, त्याला अभ्यास म्हणणे धाडसाचे ठरेल. रोज दोन तास वही-पुस्तक घेऊन बसत होते, हे खरे. पण उदाहरण वाचायचे, दोन ओळी मांडायच्या, अडले की पुस्तकाच्या शेवटी जाऊन उत्तर पाहायचे, 'हां, असे आहे होय' म्हणायचे आणि पुढच्या उदाहरणाकडे वळायचे, असा तो क्रम होता. दोन तासांत पंधरा-वीस उदाहरणे 'होत'. दुसऱ्या दिवशी त्यांपैकी एकही सुटत नसे. माझी समजूत अशी होती की, मी मेहनत पुरेपूर करते आहे, पण मुळात डोकेच नाही त्याला कोण काय करणार.

ही समजूत मोडली ती एका तरुण सहकाऱ्यामुळे. तो आठवड्यातून एकदा मला शिकवायला बसत असे. माझ्याहून सोळा वर्षांनी लहान, बोलायला मोजका. एका संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे पुस्तकाची मागची पाने उलटू लागले, तेव्हा त्याने विचारले, "ताई, तुम्ही किती वेळ विचार केलात?" मी म्हटले, "झाली असतील दहा-पंधरा मिनिटे." तो म्हणाला, "मी घड्याळ पाहत होतो. अडीच मिनिटे झाली."

मला ते आधी पटले नाही. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी एक वेगळी वही केली. प्रत्येक उदाहरणापुढे दोन नोंदी करायच्या. उदाहरण वाचल्याबरोबर, पेन टेकवण्यापूर्वी, 'हे मला सुटेल' याची खात्री शून्य ते दहा या मापात लिहायची. आणि उत्तर पाहण्याआधी किती मिनिटे टिकले, ते घड्याळ लावून लिहायचे. महिनाभरानंतर पाने चाळली तेव्हा चित्र इतके स्पष्ट होते की मी थोडी खजील झाले. जिथे खात्री तीन किंवा त्याहून कमी होती, तिथे मी सरासरी चार मिनिटांत हात टेकले होते. जिथे सात किंवा त्याहून अधिक होती, तिथे सरासरी एकोणीस मिनिटे झुंजले होते. आपण सर्वत्र सारखीच मेहनत घेतो, हा माझा समज या दोन रकान्यांनी निकालात काढला.

अर्थात, यावर एक रास्त शंका घेता येते आणि ती मलाही आली होती. अवघड उदाहरण पाहून खात्री कमी वाटणार, आणि अवघड म्हणूनच ते लवकर सोडले जाणार. यात विश्वासाचा संबंध कुठे आला? माझ्या पुस्तकात कठीण उदाहरणांपुढे तारका छापलेली होती. मी सहकाऱ्याला विनंती केली की, त्याने दोन प्रकरणांतली उदाहरणे क्रम बदलून आणि तारका गाळून साध्या कागदावर उतरवून द्यावीत. त्या कागदावरच्या एका उदाहरणाशी मी सव्वीस मिनिटे झटले आणि ते सुटले. पुस्तकात पाहिले तर त्यापुढे तारका होती. तेच उदाहरण तीन आठवड्यांपूर्वी मी पुस्तकातून सोडवायला घेतले होते. वहीतली नोंद होती, खात्री दोन, मिनिटे तीन. मधल्या काळात माझे ज्ञान वाढले होते हे मान्य, पण तीन मिनिटांत सोडून दिलेल्या उदाहरणात ते ज्ञान वापरायची संधीच कुठे होती? मी गणिताला नव्हे, तर त्या तारकेला घाबरले होते.

पुढे या विषयावर वाचताना कळले की, हा प्रकार मानसशास्त्रज्ञांना चांगलाच परिचयाचा आहे. अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या संकल्पनेला मराठीत 'स्वयंक्षमतेवरील विश्वास' म्हणता येईल. 'मी चांगली आहे', 'मी हुशार आहे' या सर्वसाधारण भावनेहून ती वेगळी आहे. अमुक एक काम, अमुक परिस्थितीत, मला तडीस नेता येईल का, याविषयीचा हा नेमका अंदाज असतो. माणूस कोणते काम हाती घेतो, त्यात किती जोर लावतो आणि अडथळा आल्यावर किती वेळ चिकाटी धरतो, हे या अंदाजावर बरेचसे ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. कॉलिन्स यांच्या १९८२ च्या अभ्यासातली गोष्ट तर मला आरशात पाहिल्यासारखी वाटली. गणितातली कुवत सारखी असलेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा स्वतःवर अधिक विश्वास असलेल्या मुलांनी चुकलेली रीत लवकर सोडून दिली, न सुटलेली उदाहरणे अधिक संख्येने पुन्हा करायला घेतली आणि उत्तरेही अधिक अचूक काढली. कुवत सारखी असूनही फरक पडला, हे इथे महत्त्वाचे. मी मात्र चुकलेल्या उदाहरणाकडे परत वळतच नव्हते. ते माझ्याविरुद्धचा पुरावा आहे असे समजून त्यावर पान उलटत होते.

रोग कळला, औषध मात्र सहज सापडले नाही. प्रथम मी तो सर्वत्र सुचवला जाणारा उपाय केला, म्हणजे रोज सकाळी 'मला गणित येते' असे स्वतःला बजावू लागले. पाचव्या दिवशी माझे मलाच हसू आले. ज्या विधानाला आधार नाही, ते शंभर वेळा उच्चारले तरी मन आतून 'दाखव पाहू' असेच म्हणते. घरच्यांनी दिलेला 'तुला जमेल गं' हा धीर खोटा नव्हता, पण त्याची मुदत दोन दिवसांची असे; पहिल्या न सुटलेल्या समीकरणापाशी तो संपत असे. बँड्युरा यांनी अशा विश्वासाचे चार स्रोत सांगितले आहेत: स्वतः मिळवलेले यश, आपल्यासारख्या इतरांचे यश पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि आपल्या शरीर-मनाच्या अवस्थेचा आपण लावलेला अर्थ. त्यांत सर्वांत बळकट पहिला. वहीच्या अनुभवावरून मी या क्रमवारीवर डोळे मिटून सही करीन.

पण अडचण अशी की, यश मिळावे म्हणून विश्वास हवा आणि विश्वास यावा म्हणून यश हवे. या चक्रात शिरायचे कुठून? याचे उत्तर मला १९८१ सालच्या एका छोट्या प्रयोगात मिळाले. बँड्युरा आणि डेल शंक यांनी वजाबाकीत फार मागे पडलेल्या ४० मुलांना ४२ पानांचा स्वाध्याय सात बैठकांत सोडवायला दिला. काही मुलांना सांगितले की, प्रत्येक बैठकीत सहा पाने पुरी करण्याचे ध्येय ठेवा. काहींना सांगितले की, सात बैठकांअखेर सर्व ४२ पाने पुरी करा. काम तेच, पाने तेवढीच. पण सहा पानांचे ध्येय असलेली मुले वजाबाकीत आणि आत्मविश्वासात सर्वांच्या पुढे गेली, इतकेच नव्हे तर त्यांना त्या विषयाची गोडीही लागली. ४२ पानांचे दूरचे ध्येय मात्र ध्येय नसल्यापेक्षा फारसे उपयोगी ठरले नाही. माझे तोवरचे ध्येय काय होते? 'आठ महिन्यांत प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होणे.' रोज रात्री वही मिटताना त्या ध्येयाच्या मापाने मी रोजच नापास होत होते.

मग मी ध्येय बदलले. दिवसाला चार उदाहरणे, आणि प्रत्येकाशी उत्तर न पाहता किमान पंधरा मिनिटे. सुटले पाहिजे अशी अट नाही. पंधरा मिनिटे पुरी झाली की त्या उदाहरणापुढे बरोबरची खूण करायची. सुटणे माझ्या हातात नव्हते, बसून राहणे होते. सुरुवातीला ही पंधरा मिनिटे अक्षरशः सरत नसत. सातव्या मिनिटाला पाणी प्यायची आठवण होई, नवव्या मिनिटाला पेन्सिलीला टोक करावेसे वाटे. पण दहाव्या-बाराव्या मिनिटाच्या आसपास अनेकदा काहीतरी हलत असे. आधी तीनदा वाचूनही न दिसलेला एखादा शब्द दिसे, किंवा मागच्या आठवड्यातल्या एखाद्या मांडणीशी साम्य जाणवे. इतकी वर्षे मी या मिनिटाच्या आधीच उठून जात होते, हे लक्षात आले तेव्हा खरे सांगायचे तर आनंदापेक्षा हळहळ जास्त वाटली.

चुकांचीही मी वर्गवारी केली. साठ चुकलेल्या उदाहरणांचे कच्चे काम समोर घेऊन बसले आणि प्रत्येकात गाडी नेमकी कुठे घसरली ते लाल पेनाने खुणावले. साठांपैकी तेवीस चुका एकाच जातीच्या निघाल्या: कंसाबाहेर उणे चिन्ह असताना आतल्या पहिल्या पदाचे चिन्ह मी बदलत होते आणि पुढच्या पदांचे तसेच ठेवत होते. अकरा ठिकाणी उतरवून घेतानाच आकडा चुकला होता. रीतच माहीत नव्हती, अशी उदाहरणे जेमतेम चौदा होती, आणि उरलेल्या बारांत चुका किरकोळ होत्या. 'डोके नाही' या निदानावर काही इलाज नसतो. 'कंस सोडवताना दुसरे पद पाहा' यावर असतो. दहा दिवस मी फक्त कंस सोडवले. त्यानंतर वहीतल्या पहिल्या रकान्यात प्रथमच आठ हा आकडा दिसू लागला, आणि तो मी मनाला समजावून आणलेला नव्हता.

सहकाऱ्याचे मला झालेले सर्वांत मोठे साहाय्य त्याच्या शिकवण्यात नव्हते. एकदा त्याने स्वतः न पाहिलेले एक समाकलन माझ्यासमोर सोडवायला घेतले. तीन वेळा खोडले, एकदा 'छे, हे नाही' म्हणून अख्खा कागद बाजूला ठेवला, खुर्चीत मागे टेकून छताकडे पाहत बसला आणि वीस-बावीस मिनिटांनी चौथ्या रीतीने ते सुटले. मी थक्क होऊन पाहत होते. येणाऱ्या माणसाला येते म्हणजे पाहताक्षणी येते, अशी माझी कल्पना होती, कारण फळ्यावर मी नेहमी आधीच सुटलेली उदाहरणे पाहिली होती. अडखळणे हा न येण्याचा पुरावा नसून काम चालू असल्याची ती खूण आहे, हे त्या बावीस मिनिटांत मला जितके कळले, तितके कोणत्याही प्रोत्साहनाने कळले नव्हते. शिक्षकांनी अधूनमधून असे विद्यार्थ्यांसमोर अडावे, असे माझे तेव्हापासून मत आहे.

येथवर वाचून असे वाटेल की, आत्मविश्वास वाढत गेला आणि गाडी रुळावर आली. पाचव्या महिन्यात नेमके उलटे घडले. वहीत नऊ आणि दहा हे आकडे नियमित दिसू लागले होते. मी सोडवलेली उदाहरणे नुसती वाचून 'हे येते' म्हणू लागले, पंधरा मिनिटांचा नियम सैल झाला, ताळा करणे तर जवळजवळ सोडलेच. त्या सुमारास घेतलेल्या सराव परीक्षेत शंभरपैकी चौतीस गुण पडले. संभाव्यतेचे जे प्रकरण मला 'पूर्ण येत' होते, त्यातले सहापैकी एक उदाहरण बरोबर आले होते. वाचताना ओळखीचे वाटणे आणि कोऱ्या कागदावर स्वतः मांडता येणे यांतले अंतर मी विसरले होते.

जेफ्री व्हँकुव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तर्काच्या एका खेळावर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, एकाच व्यक्तीचा स्वतःवरचा विश्वास वाढला, की पुढच्या डावात तिची कामगिरी काही वेळा घसरते, कारण ती गाफील होते. या निष्कर्षावर बँड्युरा यांनी जोरदार आक्षेप घेतला आणि तो वाद बराच चालला. त्या वादात निवाडा देण्याचा मला अधिकार नाही. माझ्यापुरते पाहिले तर दोन्ही बाजू माझ्याच वहीत होत्या: खात्री दोन असताना मी चार मिनिटांत उठत होते आणि खात्री दहा असतानाही चार मिनिटांतच उठत होते, फक्त पहिल्या वेळी हरून आणि दुसऱ्या वेळी जिंकल्याच्या थाटात. माझे सर्वांत चांगले काम सहा ते आठच्या पट्ट्यात होत होते, जिथे सुटेल असे वाटते पण सुटलेच असे वाटत नाही. त्यानंतर मी नऊ किंवा दहा लिहिले की त्या उदाहरणाचा ताळा सक्तीचा केला.

परीक्षेच्या दिवसाविषयी थोडक्यात सांगते. प्रश्नपत्रिका हाती पडली तेव्हा छातीत धडधडू लागले आणि तळहात ओले झाले. काळजी माणसाची कार्यकारी स्मृती अडवून बसते, म्हणजे मनातल्या मनात आकडे धरून ठेवायला जी जागा लागते, ती काळजीच व्यापते. अ‍ॅशक्राफ्ट आणि कर्क यांच्या २००१ च्या प्रयोगांत हे दिसले होते आणि ते मी वाचलेले होते. म्हणून आधीच ठरवून ठेवले होते की, मनात काही धरायचे नाही, प्रत्येक पायरी कागदावर उतरवायची, साधी बेरीजसुद्धा. धडधड थांबावी म्हणून वाट पाहिली नाही. सराव परीक्षांतही ती होत असे आणि दहाएक मिनिटांत ओसरत असे, हे मला अनुभवाने ठाऊक होते. त्याप्रमाणे ती ओसरली. दोन प्रश्न अजिबात आले नाहीत, एकात शेवटच्या पायरीला चिन्ह चुकले (तेच ते, कंसाबाहेरचे उणे). उत्तीर्ण होण्यासाठी पंचावन्न गुण लागत होते, मला एकसष्ट मिळाले. यादीत नाव बरेच खाली होते, पण होते.

निकालानंतर जुन्या वह्या आवरताना मी ते नळ-टाकीचे उदाहरण मुद्दाम पुन्हा मांडले. एका तासात पहिला नळ टाकीचा एक षष्ठांश भाग भरतो, दुसरा एक चतुर्थांश. दोन्ही मिळून पाच द्वादशांश. म्हणून पूर्ण टाकीला बारा पंचमांश तास, म्हणजे दोन तास चोवीस मिनिटे. मग ताळा करताना हात थांबला. एकटा दुसरा नळ चार तासांत टाकी भरतो, तर दोन्ही मिळून चारपेक्षा कमीच वेळ लागला पाहिजे. पाच हे उत्तर सोडवण्याआधीच बाद ठरते. हा ताळा मला नवीन नव्हता. "म्हणजे दुसरा नळ सोडल्यावर उलट जास्त वेळ लागतो तर!" या टोमण्यात तो जसाच्या तसा होता. त्या दिवशी फळ्यासमोर मला मिळालेली सूचना गणिताच्या दृष्टीने अगदी अचूक होती. हशा झाला नसता, तर ती कदाचित मला ऐकू आली असती. त्या शिक्षकांवर माझा राग नाही असे म्हणणार नाही; आहे, थोडा.

अभ्यासक्रम सुरू होऊन आता तीन आठवडे झाले आहेत. वर्गातली बरीच मुले माझ्या निम्म्या वयाची आहेत आणि फळ्यावरचे माझ्या आधी उतरवून घेतात. नवी वही केली आहे, रकाने तेच दोन. कालची शेवटची नोंद अशी आहे: खात्री दोन, मिनिटे अडतीस, सुटले नाही, दुसऱ्या पायरीपाशी अडले आहे. कागद टेबलावर तसाच ठेवला आहे.